जुनं विंडोज आणि चेअरमनचा फोन

दिवाळी अंकात कम्प्युटरवाल्याचा लेख म्हटल्यावर तुमच्या मनात काय आलं ते मला माहितीय. गरिबाघरचा पोरगा, फाटकी चप्पल, एक दिवस कम्प्युटर बघितला आणि डोळे चमकले, आता हाताखाली पन्नास माणसं. तसलं काही नाहीये. चप्पल बरी होती. डोळे चमकले ते मॉनिटर जुना होता म्हणून. आणि हाताखाली म्हणाल तर एक टेबल फॅन आहे, त्याचीही मान उजवीकडे वळत नाही. काही वाचकांना वाटेल, हा आता काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, हॅकर-बिकर असलं सांगणार. म्हसळ्यात कोण कोणाला हॅक करतंय? इथे पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेला असतो.

तेव्हा ज्यांना पान उलटायचंय त्यांनी बिनधास्त उलटा. पुढे अनारशांची पाककृती असेलच. जे थांबतील त्यांना मी कंटाळलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. वय विचारू नका. वयाने तरुण आहे, पण टेबलाखाली वायरी शोधून शोधून पाठ पेन्शनीत निघालीय.

माझं दुकान म्हसळ्यात, एसटी स्टँडपासून जवळ. बोर्डावर ‘सेल्स अँड सर्व्हिस’ आहे. सेल्स अजून व्हायचाय. लोक मला नकल्या म्हणतात. शाळेत हजेरी चालू असली की गैरहजर पोरांचं ‘हजर सर’ मी त्यांच्या त्यांच्या आवाजात म्हणायचो. अर्धा वर्ग आंबे पाडायला गेलेला असला तरी हजेरी पूर्ण. तेवढी एक कला देवाने दिली, आणि पोट मात्र भरायला लावलं कम्प्युटरवर.

या धंद्यात मला सगळ्यात जास्त दमवलं असेल तर एका प्रश्नाने: ‘त्याच्यावर चालतं, मग माझ्यावर का नाही चालत?’ जेवताना फोन येतो, हाच प्रश्न. लग्नात अक्षता हातात, शेजारचा कानात हाच प्रश्न. दाढीसाठी न्हाव्यापुढे बसलो, गळ्याजवळ वस्तरा, आणि न्हावी हाच प्रश्न विचारतो. तिथे मात्र मी नीट उत्तर दिलं.

कुवेतहून परत आलेले एक मामू लॅपटॉप घेऊन आले. उघडला तर सगळं अरबीत, आणि बटणंसुद्धा उजवीकडनं सुरू. म्हणाले, “बेटा, मराठी करून दे.” दिलं करून. दोन दिवसांनी परत हजर. “पहिल्यासारखं कर बाबा.”

“का मामू? आता वाचता येतं ना?”

“वाचता येतं रे. पण सापडत नाही. पहिलं वाचता येत नव्हतं, पण कुठे दाबायचं ते बोटाला ठाऊक होतं.”

मी पुन्हा अरबी केलं. जाताना खूश होऊन खजूर देऊन गेले. तेव्हापासून मी कोणाला ‘हे नवीन चांगलंय’ असं सांगायचं सोडून दिलं.

दुसरे शेजारच्या तळा गावचे गुरुजी. त्यांच्या शाळेला कोणीतरी कम्प्युटर दान दिले, त्यात लिनक्स. आणि धड्यांची जी सीडी आली ती फक्त विंडोजवर चालणारी. गुरुजी सीडी आत घालायचे, कम्प्युटर ती बाहेर काढायचा. गुरुजी पुन्हा आत घालायचे. मी गेलो तेव्हा दोघंही हट्टाला पेटले होते.

“अरे, दोन्ही कम्प्युटरच ना?” गुरुजी म्हणाले.

“हो गुरुजी.”

“दोघांनाही वीजच लागते ना?”

“हो गुरुजी.”

“मग हा माज कसला?”

त्यांना मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. कम्प्युटर म्हणजे लग्नाचा हॉल समजा. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोज, लिनक्स, किंवा तो महागडा सफरचंदवाला, हे हॉलचे मॅनेजर. पाणी, लाईट, खुर्च्या, सगळं मॅनेजरच्या हातात. आणि आपला प्रोग्राम म्हणजे आचारी. आता एक आचारी जन्मभर एकाच हॉलात जेवणं करत आलाय. तो नुसता ओरडतो, “अण्णा, टाकी सोडा!” आणि नळाला पाणी येतं. त्याच आचाऱ्याला तुम्ही दुसऱ्या हॉलात नेलंत. तो ओरडला, “अण्णा, टाकी सोडा!” इथे अण्णाच नाही. इथला मॅनेजर वेगळा, त्याला चिठ्ठी पाठवावी लागते. आचारी पातेल्यापाशी बसून राहतो. त्याला स्वयंपाक येत नाही असं नाही हो. त्याची हाक कोणाला कळत नाही.

गुरुजींनी विचार केला आणि म्हणाले, “मग मधे एक माणूस बसव. आचाऱ्याने हाक मारली की अण्णाच्या आवाजात ‘ओ’ द्यायची, आणि मागच्या मागे नव्या मॅनेजरला चिठ्ठी द्यायची.”

मी गुरुजींच्या पाया पडायचा बाकी राहिलो. कारण असे प्रोग्राम खरंच असतात. त्यांचं कामच नक्कल. नव्या मशीनच्या पोटात बसून ते जुन्या मशीनचा आवाज काढतात, आणि बिचारा जुना प्रोग्राम फसतो, खूश होतो, कामाला लागतो. आपल्या जातीचं कोणीतरी कम्प्युटरमध्येही आहे हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. गुरुजींचे धडे तसेच चालवले. हळू चालतात, पण पोरांना काय, तेवढाच तास जातो.

आता मुख्य गोष्ट. ही यंदाचीच.

आमच्या खालच्या बंदरावर मच्छीमार सोसायटी आहे. मी भातवाल्यांच्या घरचा, मासळी मला ताटात ओळखू येते, पाण्यात नाही. पण सोसायटीचा कम्प्युटर माझ्याकडे. त्यात एकच काम: डिझेलची पावती काढायची. बोटीला सवलतीचं डिझेल हवं असेल तर सोसायटीची पावती पंपावर दाखवायची. तो प्रोग्राम कोणा बोटवाल्याच्या भाच्याने फार वर्षांमागे करून दिला आणि तो गेला कॅनडाला. जुनं विंडोज, जुना डबा, आणि खर्रर खर्रर करत लांबलचक कागद ओकणारा प्रिंटर. सगळं एकमेकांना धरून म्हातारं झालेलं.

खारा वारा कोणाला सोडत नाही. हंगाम उघडायच्या तोंडावर डबा मेला. आतला बोर्ड बघितला तर हिरवी बुरशी चढलेली, सुकटीसारखा वास. डिस्क तेवढी जिवंत होती. सोसायटीकडे नवा लॅपटॉप होता, गावच्या एका शिकलेल्या मुलाने सत्काराच्या बदल्यात भेट दिलेला, सफरचंदाच्या खुणेचा. कपाटात हार घालून ठेवला होता.

बाकी बोटींच्या पावत्या आधीच निघाल्या होत्या. राहिली होती एकटी हिराबाय नाखवीण. नवरा गेल्यावर बोट तिनेच चालती ठेवलेली. तिच्या इंजिनचं काम लांबलं, म्हणून ती पावतीला शेवटी आली, आणि नेमका डबा मेला. पावसाळी बंदी संपून समुद्र दुसऱ्या दिवशी खुला होणार होता. बंदरावर बोटी रंगवून, पताका लावून तयार. हिराबायचे खलाशीही तिच्या बोटीवर पत्ते कुटत बसलेले. पण खलाशी पहिल्या फेरीला ज्या बोटीवर चढला त्या बोटीचा, वर्षभर. हिची बोट पहाटेच्या भरतीला निघाली नाही तर ती पोरं दुसऱ्याच्या बोटीवर जाणार, आणि मग आख्खा हंगाम बोट किनाऱ्याला.

मी दुपारी सोसायटीत पोचलो तर ती बाकड्यावर बसलेली.

“काय रं नकल्या, होल ना?”

“होईल मावशी.”

“होल बोलू नको. कवा होल ते बोल. बोटीवरनं तांडेलाचा फोन आयला व्हता, शेजारचा बोटवाला पोरांना चहा पाजतोय. फुकटचा चहा कोन पाजतो?”

मी कामाला लागलो. जुनी डिस्क काढली, वायर लावली, नव्या लॅपटॉपच्या पोटात तो नक्कल करणारा प्रोग्राम टाकला आणि त्याच्या आत जुनं विंडोज उठवायला बसलो. गोरीगोमटी मशीन गरम झाली. वाळूचं घड्याळ फिरत राहिलं. हिराबाय दर थोड्या वेळाने मान लांब करून बघायची आणि विचारायची, “अजून उलटा-सुलटाच?”

मग एकदम ती जुनी सुरावट वाजली. तीच, जुन्या डब्याची. हिराबाय उठून उभी राहिली. “आरं! हा तं त्याच्याच आवाजात बोलतोय!”

“बोलणारच. नकल्याचं काम आहे.”

प्रोग्राम उघडला. बोटींची नावं आली, हिराबायची बोट आली. मी छापण्याचं बटण दाबलं. प्रिंटर गप्प. पुन्हा दाबलं. गप्प. प्रिंटरचा प्लग गोमेसारखा, शंभर पायांचा. लॅपटॉपला नखाएवढी फट. मधे जोडणारी वायर मी आणली होती, पण तो भाच्याचा प्रोग्राम प्रिंटरला हाक मारायचा ती थेट जुन्या दारातनं. या मशीनला ते दारच नाही. आचाऱ्याला अण्णाचा आवाज आला, टाकी सुटली, जेवण शिजलं, आणि पंगतीपर्यंत न्यायला जिनाच नाही.

सगळं करून बघितलं. सेटिंग बदललं, वायर उलटी केली, प्रिंटरला एक थाप मारली. पनवेलच्या भंगारवाल्याला फोन केला. त्याच्याकडे तसला जुना डबा होता, पण एसटीत टाकून यायला दुसरा दिवस उजाडणार, दुपार होणार.

“पडद्याचा फोटो काढून पंपावर दाखवू?” मी म्हटलं.

“सकाळीच इचारलं. पंपावरचा हसनचाचा बोलला, मागं कोनीतरी फोटोच्या जोरावर दोनदा डिझेल नेला. सोसायटीचा लांब कागदच पायजे, न्हायतं नाखव्याची जबान.”

हे जबान प्रकरण सांगायला हवं. हसनचाचांचा पंप जेट्टीच्या तोंडाला. आणि सोसायटीचे चेअरमन, ज्यांना सगळं बंदर नुसतं ‘नाखवा’ म्हणतं, त्यांची आणि चाचांची जुनी रीत. वीज गेली, कागद संपला, काही झालं, तर नाखवा सोसायटीच्या फोनवरनं पंपावर फोन करणार. चाचा विचारणार, “जबान?” नाखवा म्हणणार, “जबान.” डिझेल द्यायचं, पावती मागाहून. आजवर एकही जबान बुडाली नव्हती.

पण नाखवा पनवेलच्या दवाखान्यात. मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी फोन केला तर मुलीने उचलला.

“बाबांना बोलायला बंदी आहे. खोकला आला तर डोळ्यावर ताण येतो. आणि तुम्हाला माहितीय ना, बाबा फोनवर आधी खोकतात, मग बोलतात.”

“दोन मिनिटं फक्त.”

“उद्या करा,” म्हणाली आणि ठेवला.

मी लॅपटॉप मिटला. हिराबायने पिशवीतनं तांदळाची भाकरी आणि सुका जवळा काढला, अर्धा माझ्यापुढे ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “खा. तुझा काय दोस. मशीनच न्हाय बोलत एकमेकांशी, तू काय करशील?” आणि मग जरा वेळाने, “नाखव्याचा आवाज काढ ना. होळीला काढतोस तसा. तेवढंच हसू.”

मी काढला. नाखव्याची लकब अशी की आधी दोनदा खोकायचं, आणि स्वतः फोन केला असला तरी “हां, बोल!” म्हणायचं. मी खोकलो, म्हटलं, “हां, बोल!” हिराबाय पोट धरून हसली. हसता हसता डोळे पुसले, आणि म्हणाली, “अगदी तोच. हसनचाचा पन फसल.”

हे बोलून तिने टेबलाकडे बघितलं. मीही बघितलं. फोन टेबलावर होता.

“नको,” ती म्हणाली.

“पावती उद्या निघणारच आहे मावशी. मशीन उद्या येतंय. खोटं काय त्यात?”

“मी सांगितला न्हाय तुला.”

“तुम्ही नाहीच सांगितलं.”

मी नंबर फिरवला. पलीकडे चाचा. मी खोकलो.

“हां, बोल!”

“अरे नाखवा!” चाचा ओरडले. “तू सोसायटीत? डोळ्याचं ऑपरेशन ना तुझं?”

मी फोन ठेवायलाच निघालो. पण तोंड माझं नव्हतं, तोंड नाखव्याचं होतं, आणि ते थांबलं नाही. “डोळ्याचं झालं, तोंडाचं न्हाय झालं! घरी बसून करू काय? हिराबायचा डिझेल सोड. कागद उद्या देतो.”

“पहिले खोकणं बंद कर, टाका तुटेल. जबान?”

“जबान.”

बस, एवढंच. हिराबायच्या बोटीत डिझेल भरलं. पहाटे ती बोट बाकीच्यांबरोबर खाडीबाहेर गेली, खलाशी सगळे तिचे, एकही शेजारच्या बोटीवर गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पनवेलचा डबा आला, मी त्यात जुनी डिस्क बसवली, प्रिंटर खर्रर करून उठला, आणि हिराबायची पावती चाचांच्या हातात पडली. पैशाला पैसा, लिटरला लिटर. कुठे काही कमी नाही. मी म्हटलं, चला, झालं. सफरचंदाला पुन्हा हार घालून कपाटात ठेवलं आणि घरी येऊन झोपलो.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. मी दुकानात कोणाचा तरी कीबोर्ड उलटा करून त्यातला चिवडा झाडत होतो. दारात सावली. बघतो तर नाखवा. काळा चष्मा, हातात छत्री, एसटीने एकटेच आलेले. मी उठून खुर्ची दिली. बसले नाहीत.

“आवाज काढ,” म्हणाले.

“नाखवा, ते...”

“काढ बोलतो ना. मना ऐकायचाय.”

काय करणार. खोकलो. “हां, बोल.”

चष्म्याआडनं काही दिसत नव्हतं. मग म्हणाले, “मी एवढा खोकतो?”

“थोडं कमी.”

“बरा काढतोस. तोच तं घोटाळा हाय.” मग छत्री टेबलावर आपटली, चिवडा उडाला. “हिराबायचं काम झालं, मना आनंद हाय. ती रडत सांगायला आली, मना पन आनि हसनला पन, तिला मी काय न्हाय बोललो. तुला मातर बोलनार. आक्कल कुठं गहाण टाकलीस? मुलीच्या हातापाया पडून निरोप ठेवला असतास, तं मी डोळ्यावरच्या पट्टीसकट फोन केला असता. माझा शब्द होता, माझ्याकडनं मागायचा. तू परस्पर काढून दिलास?”

“पण नाखवा, पावती तर दिली दुसऱ्या दिवशी...”

“पावतीचं सांगू नको मना! काल बंदरावर लाईट गेली. मशीन बंद. दोन बोटी डिझेलला खोळंबल्या. मी फोन केला हसनला. माझ्या तोंडानं, सोसायटीच्या फोनवरनं. तो बोलतो, नाखवा, तू हायस, का तो पोरगा? मी बोललो, मी हाय. तो बोलतो, तो पोरगा पन असाच बोलला व्हता. मी बोललो, जबान. आनि हसन गप्प. समजलं तुला? आमी दोघं एका बाकड्यावर बसून शिकलो. तो माफी मागत व्हता, पन डिझेल सोडला न्हाय. दोन्ही बोटी लाईट येईपर्यंत उभ्या.”

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला.

“तुझी मशीनं एकमेकांचं ऐकत न्हाईत, ते बरं, त्यांना तू हायस. डबा बिघडला, तुला बोलावला. वायर बिघडली, तुला बोलावला. आता माझा शब्द बिघडवलास, नकल्या. तो घेऊन मी कोनाच्या दुकानात जाऊ?”